मँगनाइट थिन फिल्मचं ॲनिलिंग: कॉलेजच्या लॅबमध्ये कसं करायचं आणि नंतर काय मोजायचं

नाशिकमध्ये हीट ट्रीटमेंट म्हटलं की सातपूर-अंबडची एमआयडीसी आठवते. गिअर, शाफ्ट, पिना, तेलातलं क्वेंचिंग वगैरे. त्यामुळे प्रोजेक्टला मँगनाइटची (मँगनीजच्या एका ऑक्साइडची) पातळ फिल्म घेऊन तिचं ॲनिलिंग, म्हणजे भट्टीत तापवून गार करणं, करणारी पोरं पहिला प्रश्न विचारतात तोही त्याच वळणाचा असतो, सर किती डिग्रीला ठेवू आणि किती तास? आता गंमत बघा, अंबडमधल्या एखाद्या मुरलेल्या भट्टीवाल्याला हेच विचारलंत तर तो उलट विचारेल की आधी सांगा गार कशात करणार. मँगनाइटलाही हाच प्रश्न आधी विचारायचा असतो. कारण तेवढं वेगळं आहे, तिथे सगळा खेळ कार्बनचा आणि इथे ऑक्सिजनचा. ७०० की ८०० की ९०० डिग्री सेल्सिअस यावर आपण जेवढा वेळ घालवतो त्याच्या निम्मा जरी कोणत्या गॅसमध्ये ठेवलं आणि कसं गार केलं यावर घालवला ना, तर फिल्म बरीच बरी निघते, आणि मुख्य म्हणजे आलेल्या रिझल्टचा अर्थ लावता येतो.

खालचं सगळं एमएस्सी प्रोजेक्टवाले आणि पीएचडीच्या पहिल्या वर्षातले लोक डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. ज्यांच्याकडे पल्स्ड लेसर नाही, स्पटरिंग नाही, पण स्पिन कोटर, हॉट प्लेट, ट्यूब फर्नेस आणि फोर प्रोब आहे, त्यांच्यासाठी.

आधी थोडं फिजिक्स, नाहीतर पुढचं सगळं पाककृतीसारखं वाटेल

एलसीएमओ म्हणजे लँथनम ०.७, कॅल्शियम ०.३, मँगनीज १, ऑक्सिजन ३. पेरोव्हस्काइट नावाची क्रिस्टलची रचना. लँथनम ३ प्लस असतो, त्याच्या जागी २ प्लसवाला कॅल्शियम बसवला की चार्ज बॅलन्स करायला तेवढे मँगनीज ३ प्लसचे ४ प्लस होतात, म्हणजे ३० टक्के ४ प्लस आणि ७० टक्के ३ प्लस. ३ प्लसवाल्यावर एक जास्तीचा इलेक्ट्रॉन असतो, तो मधल्या ऑक्सिजनवरून पलीकडच्या ४ प्लसवाल्यावर जातो, पण दोघांचे स्पिन एकाच दिशेला असतील तरच सहज जातो. म्हणून या मटेरियलमध्ये मेटलसारखं कंडक्शन आणि फेरोमॅग्नेटिझम जोडीनेच येतात आणि जोडीनेच जातात. यालाच डबल एक्सचेंज म्हणतात, १९५१ मध्ये क्लॅरेन्स झेनरने मांडलं, हो तोच डायोडवाला झेनर. त्याच्या आदल्याच वर्षी योंकर आणि व्हान सांटेन यांनी या मँगनाइटचा फेरोमॅग्नेटिझम रिपोर्ट केला होता. नुसत्या डबल एक्सचेंजने सगळं समजत नाही, लॅटिसचं (अणूंच्या जाळीचं) डिस्टॉर्शन आणि पोलारॉनही (जाळीचं डिस्टॉर्शन बरोबर घेऊन फिरणारे इलेक्ट्रॉन) धरावे लागतात, हे १९९५ च्या आसपास स्पष्ट झालं. पण ॲनिलिंग समजायला एवढं पुरे.

आता यातून एक ऑक्सिजन काढून बघा. ऑक्सिजन जाताना दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून जातो, ते दोन ४ प्लसवाल्या मँगनीजना ३ प्लस करून टाकतात. म्हणजे फॉर्म्युल्यात ऑक्सिजन ३ ऐवजी २.९५ झाला, दिसायला किती किरकोळ, तर ४ प्लसचं प्रमाण ३० वरून थेट २० टक्क्यांवर. आणि एलसीएमओमध्ये २० टक्क्यांच्या खाली गेलात की मटेरियल फेरोमॅग्नेटिक राहतं पण इन्सुलेटर होतं. वर आणखी एक नुकसान, ज्या मँगनीज-ऑक्सिजन-मँगनीज साखळीवरून इलेक्ट्रॉन जाणार होता तिचीच एक कडी गेली. म्हणून ऑक्सिजन थोडा जरी कमी असला तरी तापमान-रेझिस्टन्सच्या ग्राफवर मेटलसारखं कंडक्शन संपतं तिथे दिसणारा पीक खालच्या तापमानाला सरकतो, उंच होतो, कधी कधी दिसतच नाही, आणि क्युरी टेम्परेचरही (ज्याच्या वर फेरोमॅग्नेटिझम संपतो ते तापमान) खाली येतं.

ऑक्सिजन कधी जातो? गरम असताना. जास्त तापमानाला ऑक्साइडला ऑक्सिजन सोडणं सोपं जातं, तापमान उतरलं की तो परत घ्यायला बघतं, पण आत शिरायला त्याला वेळ आणि पुरेशी ऊब लागते. ८०० वरून फिल्म एकदम बाहेर काढली तर ८०० डिग्रीची कमतरता तशीच गोठून राहते. सगळं इथेच आहे, बाकी तपशील.

एलसीएमओ की एलएसएमओ

बरेच गाइड एलएसएमओ देतात, म्हणजे कॅल्शियमऐवजी स्ट्रॉन्शियम, कारण त्याचं क्युरी टेम्परेचर रूम टेम्परेचरच्या वर आहे, ३६० केल्विनच्या आसपास. ॲप्लिकेशनसाठी चांगलं आहे, पण शिकायला मी एलसीएमओच घ्या म्हणेन. कारण त्याचं ट्रान्झिशन, म्हणजे मेटल-फेरोमॅग्नेट अवस्था संपणं, बल्कमध्ये (फिल्म नाही, ठोकळा) साधारण २५० ते २७० केल्विनला येतं, म्हणजे लिक्विड नायट्रोजनच्या ७७ पासून रूमच्या ३०० पर्यंत सगळा तमाशा तुमच्या टेबलावर दिसतो. एलएसएमओचा पीक बघायला वर ४०० केल्विनपर्यंत तापवावं लागतं, मग काँटॅक्ट सुटतात, पेस्ट वाळते, आणि वैताग येतो.

लिक्विड नायट्रोजनचं काय करायचं विचाराल तर जिल्ह्यात गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी तो सगळीकडे फिरत असतो, ते कंटेनर भरून देणारे सप्लायर असतात, कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र नेलं की काम होतं. फक्त तो ड्युअर (लिक्विड नायट्रोजनचा थर्माससारखा कंटेनर) बंद काचांच्या गाडीतून आणू नका, नायट्रोजन उडून आतली हवा बाहेर ढकलतो आणि माणसाला कळतही नाही. खिडक्या उघड्या ठेवा.

सोल्युशन आणि फिल्म

सबस्ट्रेट, म्हणजे फिल्म ज्यावर बसवायची तो तुकडा, आधी ठरवा. साधी काच बाद, ५५०-६०० डिग्रीला मऊ पडते आणि तिच्यातलं सोडियम फिल्ममध्ये येतं. फ्यूज्ड क्वार्ट्झ तापमान सहन करतं पण ते तापल्यावर जवळजवळ वाढतच नाही आणि मँगनाइट बऱ्यापैकी वाढतं, त्यामुळे गार होताना फिल्मला तडे जातात, शिवाय फिल्म पॉलिक्रिस्टलाइनच (वेगवेगळ्या दिशांच्या बारीक दाण्यांची) राहते. सिलिकॉनवर थेट लावली तर ८०० च्या वर इंटरफेसला रिॲक्शन होते, मध्ये बफर, म्हणजे दोघांना वेगळं ठेवणारा थर, लागतो. खरी मजा लँथनम ॲल्युमिनेट किंवा स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या सिंगल क्रिस्टलवर. महाग आहेत, बाहेरून मागवावे लागतात, मान्य. म्हणूनच एक १० बाय १० मिलिमीटरचा तुकडा घ्या, त्यावर एकच फिल्म करा आणि मग डायमंड स्क्राइबरने त्याचे ५ बाय ५ चे चार करा. एकाच फिल्मचे चार तुकडे चार प्रकारे ॲनिल केले तर तुलना करण्यात काही अर्थ आहे. चार वेगवेगळ्या दिवशी केलेल्या चार फिल्म चार तापमानाला ठेवून जो ग्राफ काढतात त्यात तापमानाचा परिणाम किती आणि सोल्युशनचा किती ते देवालाच ठाऊक.

०.३ मोलरचं ५० मिलि सोल्युशन करायचं तर लँथनम नायट्रेट हेक्झाहायड्रेट ४.५४७ ग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट टेट्राहायड्रेट १.०६३ ग्रॅम आणि मँगनीज ॲसिटेट टेट्राहायड्रेट ३.६७६ ग्रॅम. सॉल्व्हंट म्हणून २-मिथॉक्सीइथेनॉल वापरतात, ते विषारी आहे, विशेषतः प्रजनन आरोग्याला वाईट, त्यामुळे फ्यूम हूड नसेल तर हातच लावू नका, पाणी-इथिलीन ग्लायकॉल-सायट्रिक ॲसिडचा रस्ता धरा, फिल्म थोडी कमी गुळगुळीत येईल एवढंच. उरलेलं जेल बीकरमध्ये सुकवत ठेवायचं नाही, नायट्रेट आणि ऑरगॅनिक एकत्र सुकले की भडका उडतो. कम्बशन सिंथेसिसवाले तेच मुद्दाम करतात.

वजनाबद्दल एक किचकट पण फार कामाची गोष्ट. लँथनम नायट्रेट हवेतलं पाणी ओढतं. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकची हवा कशी असते माहितीये, बाटली दोन मिनिटं उघडी राहिली तरी पावडर ओली दिसायला लागते. मग तुम्ही ४.५४७ ग्रॅम मोजता खरे पण त्यात लँथनम कमी आणि पाणी जास्त, आणि लँथनम कमी पडलं की फिल्मचं कंपोझिशनच बदलतं आणि ॲनिलिंगनंतर ट्रान्झिशन भलतीकडे येतं. उपाय सोपा आहे, त्याच बाटलीतलं थोडं नायट्रेट क्रुसिबलमध्ये १००० डिग्रीला भाजून ऑक्साइड करा, गरम असतानाच डेसिकेटरमध्ये ठेवा, वजन घ्या आणि त्यावरून बाटलीतलं खरं लँथनम किती ते उलटं काढा. ऑक्साइडपासून सुरुवात करणाऱ्यांनीही आधी भाजूनच वजन करायचं, कारण लँथनम ऑक्साइड कपाटात पडून पडून हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट होत जातं.

स्पिन ३००० आरपीएम, ३० सेकंद. मग हॉट प्लेटवर १५० ला सुकवायचं, मग ४०० ला दहा मिनिटं ठेवून ऑरगॅनिक जाळायचं, मग पुढचा थर. पाच-सहा थरांत १०० ते २०० नॅनोमीटरची फिल्म होते. पावसाळ्यात फिल्म दुधाळ दिसायला लागली तर सबस्ट्रेट आधी गरम करून घ्या आणि स्पिन झालं की लगेच हॉट प्लेटवर टाका, कपभर चहा पिऊन येतो म्हणू नका.

भट्टी

४०० ला भाजलेली फिल्म अमॉर्फस असते, तिचा रेझिस्टन्स मोजण्यात काही हशील नाही. म्हणून पहिलं काम क्रिस्टल करणं. पूर्ण १० बाय १० चा तुकडा हवेत ७०० ला एक तास ठेवा, मिनिटाला ३ डिग्रीने चढवा, ३५० ते ४५० च्या पट्ट्यात तर त्याहूनही हळू, कारण उरलेसुरले ऑरगॅनिक तिथे बाहेर पडतात आणि घाई केली की फिल्ममध्ये छिद्रं राहतात. मग तुकडे करा. मग असं:

पहिला तुकडा तसाच ठेवा, हा रेफरन्स. दुसरा हवेत ८०० ला दोन तास, हळू गार. तिसरा ऑक्सिजनमध्ये ८०० ला दोन तास, हळू गार. चौथा ऑक्सिजनमध्येच ८०० ला दोन तास, पण शेवटी बोट (सॅम्पल ठेवायची नावेसारखी ट्रे) सरकवून ट्यूबच्या थंड तोंडाशी आणायची, म्हणजे झटकन गार. तिसरा आणि चौथा यांच्यात तापमान तेच, वेळ तोच, गॅस तोच, फरक फक्त गार होण्याचा. माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टमधली सगळ्यात बोलकी तुलना हीच आहे आणि नेमकी हीच कुणी करत नाही. हां, सिंगल क्रिस्टल सबस्ट्रेट झटक्याने तडकू शकतो, त्यामुळे एकदम बाहेर टेबलावर नको, ट्यूबच्या आतच दोन-तीन टप्प्यात ओढा.

हळू गार म्हणजे किती हळू? ८०० ते ५०० मिनिटाला २ डिग्री, ५०० ला एक तास थांबा, मग पुन्हा २ डिग्रीने ३०० पर्यंत, त्याखाली बंद करून दिलं तरी चालेल. ५०० चा तो थांबा चुकवू नका. तिथे मटेरियलला ऑक्सिजन हवा असतो आणि आत शिरण्याइतकी ऊबही असते. त्याखाली हवा असतो पण शिरता येत नाही. आणि गॅस कधी बंद करायचा तर ३०० च्या खाली आल्यावर, ८०० चा डवेल (त्या तापमानाला थांबायचा वेळ) संपला म्हणून नव्हे. सिलिंडर वाचवायला लोक डवेल संपल्या संपल्या व्हॉल्व्ह बंद करतात.

ऑक्सिजन वेल्डिंगवाल्या सप्लायरकडचा चालतो, वाटेत सिलिका जेलचा कॉलम लावा. फ्लो मिनिटाला ५० ते १०० मिलि पुरे, बाहेरच्या टोकाला पाण्याचा बबलर ठेवा म्हणजे फुगे दिसत राहतात आणि बाहेरची हवा आत येत नाही. बबलरच्या आधी एक रिकामी बाटली मध्ये जोडा, नाहीतर गार होताना पाणी उलटं ट्यूबमध्ये ओढलं जातं. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल, ग्रीस काही लावायचं नाही, हाताला तेल असेल तर धुवून या, यात थट्टा नाही, आग लागते.

ऑक्सिजन नसेल तर अडून बसू नका. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, शुद्ध गॅसमध्ये १००, म्हणजे फरक पाच पटीचा. व्हॅक्यूममध्ये केलेल्या फिल्मच्या मानाने हवेत हळू गार केलेली फिल्म चांगलीच बरी असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यातला फरक तुम्हाला स्वतःलाच दिसेल आणि तो तिसऱ्या-चौथ्यातल्या फरकापेक्षा कमी निघाला तर आश्चर्य मानू नका.

कुणी म्हणेल एमआयडीसीत ओळखीची भट्टी आहे, चांगली मोठी, कंट्रोलर भारी, तिथे ठेवून आणू. नको. स्टीलच्या भट्टीत स्टीलचं ऑक्सिडेशन टाळायला मुद्दाम ऑक्सिजन नसलेलं वातावरण ठेवतात, व्हॅक्यूम, नायट्रोजन नाहीतर कार्बन मोनॉक्साइड-हायड्रोजनचा गॅस. मँगनाइट तिथे गेलं की आधी ऑक्सिजन गमावणार, मग स्ट्रक्चरच बदलणार, आणि हायड्रोजनवाल्या गॅसमध्ये तर परत काही हाती लागणार नाही.

बोट ॲल्युमिनाची, आणि ती फक्त मँगनाइटसाठीच ठेवा. फिल्मची बाजू वर. थर्मोकपल भट्टीच्या भिंतीजवळ असतं आणि सॅम्पल मध्ये, दोघांत बराच फरक असू शकतो, म्हणून एकदा दुसरं थर्मोकपल बोटीच्या जागी ठेवून खात्री करा. आणि लाईटचं बघा. ८०० वर असताना लाईट गेली तर छोटी ट्यूब फर्नेस सुरुवातीला फार वेगाने गार होते, म्हणजे तुमचा तिसरा तुकडा नकळत चौथ्यासारखा होतो. कंट्रोलरला लॉगिंग नसेल तर एक साधा डेटा लॉगर जोडा, नाहीतर निदान पॉवर आल्यावर प्रोग्रॅम आपोआप पुढे चालू होणार नाही असं सेटिंग ठेवा म्हणजे गेली होती हे तरी कळेल. अशा वेळी फिल्म टाकायची गरज नाही, परत ८०० ला नेऊन हळू गार केली की ऑक्सिजनचा हिशेब जुळतो, ग्रेन (फिल्ममधले क्रिस्टलचे दाणे) थोडे जास्त वाढतील, तेवढं वहीत लिहून ठेवा.

ज्यांची फिल्म पुणे-मुंबई-इंदूरला कुठे पल्स्ड लेसरवर होणार आहे त्यांनी फक्त एवढं बघायचं की डिपॉझिशन संपल्यावर चेंबरमध्ये ऑक्सिजन भरून, काहीशे मिलिबारला, मग गार करताहेत ना. तिथेही प्रश्न तोच.

रेझिस्टन्स मोजताना

चार काँटॅक्ट, सिल्व्हर पेस्ट, बाहेरच्या दोनमधून करंट आणि आतल्या दोनवर व्होल्टेज. १०० नॅनोमीटरच्या चांगल्या फिल्मची रेझिस्टिव्हिटी काही मिलिओहम-सेंटिमीटर असते, ३ धरली तर शीट रेझिस्टन्स ३०० ओहम येतो, म्हणजे साध्या मीटरलाही अवघड नाही. करंट १० ते १०० मायक्रोॲम्पिअर, जास्त दिला की फिल्म स्वतःच तापते आणि पीक सरकलेला दिसतो. दर रीडिंगला करंट उलटा करून ॲव्हरेज घ्या, थर्मो ईएमएफ कटतो. गार करतानाचा आणि तापवतानाचा ग्राफ दोन्ही घ्या. दोघांत काही केल्विनचं अंतर दिसलं तर लगेच फर्स्ट ऑर्डर ट्रान्झिशन म्हणून नाचू नका, बहुतेक वेळा सेन्सर आणि फिल्म यांच्या तापमानात फरक असतो, रेट निम्मा करून परत मोजा, अंतर कमी झालं तर ते सेटअपचं.

ग्राफवर काय बघायचं: पीक किती केल्विनला आहे, किती उंच आहे आणि किती रुंद आहे. ऑक्सिजन भरलेल्या, ग्रेन जुळलेल्या फिल्मचा पीक २५० च्या आसपास, टोकदार, आणि त्याखाली रेझिस्टन्स झपकन पडतो. ऑक्सिजन कमी असेल तर पीक खाली सरकतो आणि उंच होतो. पॉलिक्रिस्टलाइन फिल्ममध्ये वेगळीच भानगड असते, क्युरी टेम्परेचर जागेवर असतं पण रेझिस्टन्सचा पीक त्याच्या बराच खाली आणि पसरट, कारण तुम्ही मोजताय तो ग्रेनचा रेझिस्टन्स नाही, ग्रेनच्या मधल्या हद्दींचा आहे. दोन्हीकडे पीक खालीच दिसतो, म्हणून नुसत्या रेझिस्टन्सवरून निकाल देऊ नका, मॅग्नेटायझेशन बरोबर हवं. क्युरी टेम्परेचरही खाली असेल तर ऑक्सिजनवर संशय घ्या, नुसता पीक खाली असेल तर ग्रेन बाउंड्रीवर.

फिटिंग करायचंच असेल तर पीकच्या वर स्मॉल पोलारॉनचं सूत्र लावून ॲक्टिव्हेशन एनर्जी काढा, एलसीएमओला ती साधारण ०.१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरात येते आणि ॲनिलिंगने थोडी उतरते. खालच्या बाजूला टी-स्क्वेअर लावतात. चार पॅरामीटर टाकून काहीही फिट होतं, त्यात फार अडकू नका.

मॅग्नेटोरेझिस्टन्ससाठी, म्हणजे मॅग्नेटिक फिल्ड लावल्यावर रेझिस्टन्स किती टक्के बदलतो ते बघायला, झीमन इफेक्टच्या प्रयोगाचं इलेक्ट्रोमॅग्नेट बऱ्याच कॉलेजांत धूळ खात पडलेलं असतं, अर्ध्या-एक टेस्लापर्यंत जातं, तेवढ्यात काम होतं. इथे एक उलटं वाटणारं होतं. ॲनिलिंगनंतर फिल्म सगळ्या अर्थाने सुधारते आणि मॅग्नेटोरेझिस्टन्सची टक्केवारी मात्र कमी येते. पोरं हिरमुसतात. अहो, ट्रान्झिशन जितकं खालच्या तापमानाला तितकी टक्केवारी मोठी, हा या मटेरियलचा एकंदर कल आहे. १९९४ मध्ये बेल लॅब्सच्या ग्रुपने एलसीएमओच्या हीट ट्रीट केलेल्या फिल्मवर १ लाख २७ हजार टक्के दाखवले ते ७७ केल्विन आणि ६ टेस्लाला, रूम टेम्परेचरला नव्हे. शिवाय पॉलिक्रिस्टलाइन फिल्ममध्ये कमी फिल्डला मिळणारा जो भाग असतो तो ग्रेनच्या हद्दींतून होणाऱ्या टनेलिंगचा, ग्रेन वाढले आणि हद्दी कमी झाल्या की तो घटणारच. कमी फिल्डचा सेन्सर करायचा असेल तर ९०० पर्यंत जाऊच नका.

मॅग्नेटायझेशन

हे आपल्याकडे सहसा होत नाही, सॅम्पल पाठवावं लागतं किंवा स्वतः न्यावं लागतं. युजीसी-डीएई कन्सॉर्शियमचं इंदूर सेंटर युनिव्हर्सिटीच्या लोकांसाठीच आहे, प्रपोजल लिहा, आणि नाशिकहून आग्रा रोडने धुळ्यावरून सरळ इंदूर. जायच्या आधी हिशेब करून जा की सिग्नल किती येणार. एलसीएमओला दर मँगनीजमागे जास्तीत जास्त ३.७ बोर मॅग्नेटॉन, म्हणजे साधारण ५९० इएमयू प्रति घन सेंटिमीटर. ५ बाय ५ मिलिमीटर, १०० नॅनोमीटर फिल्मचं घनफळ २.५ गुणिले १० चा उणे ६ वा घात घन सेंटिमीटर, म्हणजे एकूण मोमेंट दीड मिलि इएमयूच्या जवळ. मशीनला सहज दिसतो, पण सबस्ट्रेटचा डायामॅग्नेटिक सिग्नलही त्यात मिसळतो, म्हणून त्याच बॅचचा कोरा सबस्ट्रेट बरोबर न्या आणि तोही मोजून घ्या.

आणि स्टीलचा चिमटा वापरू नका. कडेला घासून जो लोखंडाचा कण बसतो तो ३०० केल्विनच्या वरही फेरोमॅग्नेटिक असतो, मग लोक लिहितात की आमच्या ॲनिल केलेल्या एलसीएमओचं क्युरी टेम्परेचर रूमच्या वर गेलं. प्लॅस्टिकचा किंवा टायटॅनियमचा चिमटा घ्या. सिल्व्हर पेस्टही ॲसिटोनने पूर्ण काढा.

काय बदल दिसायला हवा? ऑक्सिजन भरला की क्युरी टेम्परेचर वर, ट्रान्झिशन जास्त तीव्र, सॅच्युरेशन ३.७ च्या दिशेने. कोअर्सिव्हिटी (मॅग्नेटायझेशन शून्यावर आणायला लागणारं उलटं फिल्ड) सहसा उतरते, कारण डोमेन वॉल (वेगवेगळ्या दिशेच्या मॅग्नेटिक भागांमधल्या हद्दी) अडकायच्या जागा कमी होतात. फिल्ड लावून गार केलेला आणि न लावता गार केलेला असे दोन ग्राफ एकमेकांपासून जिथे फुटतात तिथलं अंतर कमी व्हायला हवं. चौथा, झटकन गार केलेला तुकडा यात कुठे बसतो ते बघा, बहुतेक तो तिसऱ्याच्या मागे असेल जरी दोघांचं तापमान एकच होतं.

एक्स-रे बघताना एक सापळा

ऑक्सिजन आत गेला की लॅटिस आक्रसतं, कारण ४ प्लस मँगनीज ३ प्लसपेक्षा लहान असतो (०.५३ विरुद्ध ०.६४५ अँगस्ट्रॉम). म्हणून ॲनिलिंगनंतर फिल्मचा शून्य-शून्य-दोन पीक (लॅटिसची उभी लांबी सांगणारा) मोठ्या अँगलकडे सरकला की सगळे म्हणतात ऑक्सिजन भरला. थांबा. लँथनम ॲल्युमिनेटचं लॅटिस ३.७९ आणि एलसीएमओचं ३.८६, म्हणजे फिल्म आडव्या दिशेने दाबली जाते आणि उभी लांबते. ॲनिलिंगने हा ताण सैल झाला तरी उभी लांबी कमी होते. म्हणजे ताण सुटला काय आणि ऑक्सिजन भरला काय, पीक एकाच बाजूला सरकणार, कॉपरच्या एक्स-रेला ४७ डिग्रीकडे. स्ट्रॉन्शियम टायटनेटवर उलटं आहे, त्याचं लॅटिस ३.९०५, फिल्म आडवी ताणली जाते आणि उभी आखूड होते, तिथे ताण सुटला तर उभी लांबी वाढते आणि ऑक्सिजन भरला तर घटते. दोघं विरुद्ध दिशेने ओढतात म्हणून निदान कोण जिंकलं ते तरी समजतं. दोन्ही सबस्ट्रेट परवडत असतील तर दोन्हींवर करा. एकच परवडत असेल तर टायटनेट.

जास्त भाजलं तर

९०० च्या वर तासन् तास ठेवून फिल्म आणखी सुधारेल असं वाटतं पण तसं होत नाही. एलएसएमओमध्ये स्ट्रॉन्शियम वर पृष्ठभागावर जमा होतं, तिथला थर मॅग्नेटिझमच्या दृष्टीने मेल्यासारखा होतो, आणि ५० नॅनोमीटरच्या फिल्ममध्ये असा थर परवडत नाही. कुठे मँगनीज ऑक्साइडचे वेगळे दाणे दिसतात, पातळ फिल्म तर फुटून बेटांसारखी होते आणि रेझिस्टन्स एकदम अनंताकडे. मायक्रोस्कोपखाली तडे दिसत असतील तर फोर प्रोबचे आकडे सोडून द्या.

शेवटचा टेस्ट, आणि माझ्या मते हा केल्याशिवाय ऑक्सिजनमुळे सुधारलं असं लिहू नये. तिसरा तुकडा, मोजून झालेला, पेस्ट काढून आर्गॉनमध्ये ६०० ला एक तास ठेवा. ६०० यासाठी की ८०० झेललेल्या फिल्मचे ग्रेन ६०० ला आता वाढणार नाहीत, पण थोडा ऑक्सिजन जाईल. गारही आर्गॉनमध्येच करायचं. परत रेझिस्टन्स मोजा, पीक खाली सरकलेला दिसायला हवा. मग तोच तुकडा ऑक्सिजनमध्ये ६०० ला नेऊन, ५०० चा थांबा देऊन हळू गार करा आणि पुन्हा मोजा. पीक मूळ जागी परत आला तर तेवढं सरकणं ऑक्सिजनचं होतं. ७०० वरून ८०० ला जाताना जेवढी सुधारणा झाली त्यातली जी या आर्गॉनने हललीच नाही ती बहुधा ग्रेनची नाहीतर ताणाची, आणि ती वेगळी करून रिपोर्टमध्ये वेगळ्या परिच्छेदात लिहा. आर्गॉनने पीक अजिबातच हलला नाही तर सिलिंडर तपासा, ट्यूबचे ओ-रिंग गळत असतील तर आर्गॉनच्या नावाखाली तुम्ही हवाच देत होता. वेळ वाढवण्याआधी बबलरमध्ये फुगे येताहेत का ते बघा.